प्रशिक्षणाचे गट कशावरून पाडायचे: स्वभावावरून की विषयावरून?

पीथमपूरच्या कारखान्यातले सुपरवायझर असोत की इंदूरच्या विजयनगरातला ऑफिस स्टाफ, दोन दिवसांचं प्रशिक्षण ठरलं की दोन प्रस्ताव समोर येतात. एक, आधी प्रश्नावली भरून घ्या आणि ज्याच्या-त्याच्या प्रकारानुसार गट पाडा. दुसरा, सगळ्यांना एकत्र बसवा आणि विषयाप्रमाणे पद्धत बदला.

पहिल्यात बहुधा मायर्स-ब्रिग्ज ही स्वभाव-चाचणी असते (मानसशास्त्रज्ञ युंगच्या 1921 च्या मांडणीवरून काढलेले माणसांचे 16 प्रकार), नाहीतर नील फ्लेमिंगची व्हार्क: पाहून, ऐकून, वाचून-लिहून की करून शिकता? लोकांना मजा येते, अबोल माणूसही बोलता होतो. नव्या टीमची ओळख करून द्यायला अर्धा तास ठीक आहे. बढती-भरतीसाठी मात्र मायर्स-ब्रिग्ज अजिबात नको.

शिकवण्याचं काय? मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये यावरचं संशोधन तपासलं. आवडीच्या पद्धतीने शिकवलं की माणूस जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. आवड असते, पण फोर्कलिफ्ट चालवायची तर ‘ऐकून शिकणाऱ्या’लाही स्टिअरिंग धरावंच लागतं.

म्हणून माझं मत दुसऱ्या बाजूने. मशीन बंद करायचा क्रम हाताने करून घ्या, चिडलेल्या ग्राहकाशी बोलणं रोल-प्लेमधून, आणि नियमावली वाचून झाली की मिटवून आठवेल तेवढं लिहायला लावा. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006 च्या प्रयोगात पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात होतं. यात ट्रेनरला तयारी जास्त लागते. तयार स्लाइडवर भागत नाही.

स्वभावाचा विचार इथेही हवाच, पण गट न पाडता. प्रश्न टाकला की दोन मिनिटं लिहायला द्या, मग दोघा-दोघांत बोलू द्या, मग सगळ्यांसमोर. नाहीतर तेच दोघे-तिघे बोलत राहतात. रोल-प्लेही तिघा-तिघांतच, सगळ्यांसमोर उभं केलं की बुजरा माणूस फक्त घाम पुसतो.

आपल्याकडे खरी दरी वेगळीच असते: मॅन्युअल इंग्रजीत, ट्रेनर हिंदीत आणि मागे तिघं एकमेकांना मराठीत समजावतायत. त्यांना गप्प करू नका, बऱ्याचदा तिथेच विषय डोक्यात शिरतो.

प्रश्नावलीचे पैसे वाचले, तर पंधरा दिवसांनी अर्ध्या दिवसाची उजळणी ठेवा.