६४९ पौंडांचं पॅकेज आणि सव्वा पौंडाचे मार्कर: ईसॅट, यूकास, मुलाखत, दहा महिन्यांनंतरचा अनुभव

ब्रिटनमधल्या विद्यापीठ-प्रवेशाची तयारी करून घेणाऱ्या एका ऑनलाइन पॅकेजच्या नूतनीकरणापोटी जानेवारीत खात्यातून परत ६४९ पौंड गेले म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर ‘बरं आहे’ एवढ्या शेऱ्यावर भागलं असतं. प्रवेश परीक्षा ऑक्टोबरात आटोपली, मुलाखती डिसेंबरात, यूकास या मध्यवर्ती अर्जसंस्थेची सर्वसाधारण मुदत १४ जानेवारी २०२६. मग त्याच जानेवारीत हे कशाचं नूतनीकरण करतात, ते त्यांनाच ठाऊक. कंपनीचं नाव लिहीत नाही, पैशांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

मार्च २०२५ मध्ये ट्यूटर परवाना घेतला, त्यात तीन विद्यार्थ्यांची लॉगिनं. दोघं केंब्रिज-इम्पिरियल इंजिनिअरिंगवाले, म्हणजे ईसॅट ही गणित-विज्ञानाची प्रवेशपरीक्षा. तिसरी केंब्रिज कॉम्प्युटर सायन्सची, म्हणजे टीएमयूए ही गणिताची. पॅकेजमध्ये प्रश्नसंच, व्हिडिओ, पर्सनल स्टेटमेंटची (अर्जासोबतच्या स्वतःविषयीच्या लेखनाची) तपासणी, प्रत्येकी तीन सराव-मुलाखती आणि तीन जाडजूड वर्कबुकं. ए-लेव्हल (इथली बारावी), प्रेडिक्टेड ग्रेड (शाळेने वर्तवलेले गुण), अर्जातले पाच पर्याय वगैरे परत सांगत नाही. हे वाचणाऱ्याला ते पाठ असणार.

सुरुवात वर्कबुकांपासूनच करतो, कारण खरा राग त्यांच्यावर आहे. चौकटीचा गुळगुळीत कागद, स्पायरल बांधणी, पेन्सिल सुरेख चालते. मुलांनी सहा महिने सगळी कच्ची आकडेमोड त्यातच केली. आणि परीक्षा केंद्रावर काय मिळतं? पुसता येण्यासारखी लॅमिनेट केलेली पानं आणि एक मार्कर. कागद नाही, पेन्सिल नाही. ही गोष्ट पॅकेजमध्ये कुठेही, एका ओळीतसुद्धा, लिहिलेली नाही.

यात एवढं काय, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. ईसॅटच्या एका भागात ४० मिनिटांत २७ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ८९ सेकंद. मार्करची रेघ जाड, त्यामुळे अक्षर आपोआप मोठं येतं. अपूर्णांकावर अपूर्णांक चढवला की तो अर्धं पान खातो. पेन्सिलीने एका पानावर दहा प्रश्न मावतात, मार्करने जेमतेम चार. ओली शाई हाताला लागते. डावखुऱ्याचं तर लिहितानाच पुसलं जातं, आणि आमचा एक डावखुरा. पान भरलं की हात वर करून दुसरं मागायचं, त्यात वेळ जातो आणि तंद्री मोडते ती वेगळीच. शिवाय ‘नंतर बघू’ म्हणून खूण करून सोडलेल्या प्रश्नाकडे परत आल्यावर त्याची मांडणी कुठल्या कोपऱ्यात केली होती तेच सापडत नाही.

ऑगस्टच्या शेवटी हे लक्षात आलं. पौंडाच्या दुकानातून सव्वा पौंडाला बारीक टोकाचे दोन मार्कर आणले, ए-फोरचे कोरे कागद लॅमिनेट केले, खलास. पहिल्या दिवशी तिघांचाही वेग पडला, डावखुऱ्याचे २७ पैकी १९ च सोडवून झाले. तीन आठवड्यांत पूर्ववत आला. पद्धत अशी बसवली: भाग सुरू झाला की पहिल्या पाच सेकंदांत पानावर दोन रेघा आडव्या, एक उभी, म्हणजे सहा चौकटी. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात आधी प्रश्नक्रमांक, मगच आकडेमोड. चौकटीत मावत नसेल तर बहुतेक वेळा वाट चुकलेली असते. प्रश्न सोडून पुढे जायचं, पुसायचं नाही. डावखुऱ्याने उजवीकडची चौकट आधी वापरायची. एवढं शिकवायला वर्कबुक छापावं लागत नाही.

आता कॅल्क्युलेटर. पॅकेजच्या प्रश्नसंचात पडद्याच्या कोपऱ्यात कॅल्क्युलेटरचं बटण आहे आणि ते बंद करता येत नाही. ईसॅट आणि टीएमयूए दोन्हींत कॅल्क्युलेटर चालत नाही. इथली मुलं या बाबतीत आधीच पांगळी. जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला, गणिताचा एक पेपर कॅल्क्युलेटरविना असतो, पण २०१७ पासूनच्या ए-लेव्हलला गणिताच्या सगळ्या पेपरांत तो चालतो. म्हणजे सिक्स्थ फॉर्मची दोन वर्षं हात त्यावरच. ०.७५ गुणिले ०.१६ समोर आलं की बोटं कॅसिओ शोधतात. आपल्याकडच्या जुन्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकली ती उगाच नाही. पाऊणकीतले सोळा म्हणजे बारा, दशांश लावा, ०.१२. सवायकीतले अठ्ठेचाळीस साठ, अडीचकीतले छत्तीस नव्वद. एका विद्यार्थ्याच्या आजीने साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर रोज दहा मिनिटं पाढे घेतले. पॅकेजमधल्या ‘मेंटल मॅथ्स’ व्हिडिओंपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला, फुकटात.

कॅल्क्युलेटर का ठेवला असेल, याचं कारण पुढे सापडलं. संचात १,१०० प्रश्न आहेत असं ते मिरवतात. त्यातले कितीतरी जुन्या ईएनजीएएच्या (केंब्रिजच्या ईसॅटपूर्वीच्या इंजिनिअरिंग परीक्षेच्या) प्रश्नपत्रिकांतले, आकडे बदललेले. मूळ प्रश्नात आकडे असे निवडलेले असतात की चार पायऱ्यांनंतर सगळं एकमेकांत कटतं. इथे ६ चं ७.३ केलं की काही कटत नाही, मग कॅल्क्युलेटर द्यावाच लागतो. तोटा दुहेरी: हात सुस्तावतात, आणि ‘उत्तर सुटसुटीत येत नाही म्हणजे कुठेतरी चुकलंय’ हा परीक्षेत फार कामाला येणारा संशय मरतो. तारेची लांबी दुप्पट, व्यासही दुप्पट, तर रोध किती? क्षेत्रफळ चौपट, म्हणून दोन भागिले चार, निम्मा. आकडा एकही लिहावा लागत नाही. पॅकेजने त्याच प्रश्नात लांबी १.७ पट आणि व्यास १.३ पट केला आहे. असला प्रश्न सोडवून मुलाला नेमकं काय येतं?

घड्याळाचा दोष याहून गंभीर आहे, पण त्यावर मी कमी चिडलो, कारण तो लवकर पकडला. इंजिनिअरिंगवाल्यांना मॅथ्स १, मॅथ्स २ आणि फिजिक्स असे तीन भाग, प्रत्येकाचे ४० मिनिटं स्वतंत्र, उरलेला वेळ पुढे नेता येत नाही. पॅकेजच्या सराव परीक्षेत ८१ प्रश्नांना सलग १२० मिनिटांचं एकच घड्याळ. मॅथ्स १ बहुतांशी जीसीएसईच्या पातळीचं, हुशार मूल ते ३१ मिनिटांत उरकतं आणि नऊ मिनिटं फिजिक्सला नेतं. गुण छान दिसतात. खऱ्या परीक्षेत ती नऊ मिनिटं वाया. उपाय सोपा, स्वयंपाकघरातलं टायमर चाळीसवर लावा. आणि मॅथ्स १ मध्ये वेळ उरत असेल तर तो तिथेच खर्च करायला शिकवा. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी नको. दोन पर्याय खोडून उरलेल्यांतून अंदाज मारणं, आणि ते शेवटच्या ३० सेकंदांच्या आधी करणं, याचाही सराव लागतो.

इथे एक दुरुस्ती. मे महिन्यात दोघा-तिघा पालकांना मी पॅकेजमधल्या ‘तयारीचा टक्का’ दाखवणाऱ्या पानाचं कौतुक करून सांगितलं होतं. ते मागे घेतो. ‘७८ टक्के तयार’ या आकड्यात बघितलेल्या व्हिडिओंची मिनिटंही धरलेली आहेत. व्हिडिओ लावून जेवायला गेलेला मुलगासुद्धा तयार होत जातो. ईसॅटचे गुण प्रत्येक भागाला १.० ते ९.० असे येतात, टक्क्यांशी त्यांचा मेळ नाही. बारावी-सीईटीच्या टक्क्यांवर पोसलेल्या आपल्या पालकांना तो आकडा मात्र भारी आवडतो.

टीएमयूएबद्दल थोडक्यात. ७५ मिनिटांचे दोन पेपर, प्रत्येकी २० प्रश्न. पहिल्या पेपरसाठी पॅकेज चालतं. दुसऱ्यासाठी, म्हणजे आवश्यक अट की पुरेशी अट, व्यत्यास, सिद्धतेतली चूक कोणत्या ओळीत, यासाठी जवळपास काहीच नाही. २०१६ पासूनच्या जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात, त्या तीनदा सोडवा. तिसऱ्या खेपेला प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो का चुकीचा हे एका वाक्यात लिहा. ईसॅटसाठी ईएनजीएए आणि एनएसएएच्या (विज्ञानाची तशीच जुनी परीक्षा) जुन्या प्रश्नपत्रिका, भौतिकशास्त्रासाठी आयझॅक सायन्स हे संकेतस्थळ. सगळं फुकट. ईएनजीएएच्या शेवटच्या वर्षांतल्या पहिल्या विभागात ६० मिनिटांत ४० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ९० सेकंद. वेग जवळजवळ तोच.

पर्सनल स्टेटमेंटच्या विभागात पहिलं भांडण झालं. २०२६ च्या प्रवेशापासून यूकासने एकसंध निबंध काढून तीन प्रश्न दिले: हा विषय का, आतापर्यंतच्या अभ्यासाने तयारी कशी झाली, अभ्यासाबाहेर काय केलं आणि त्याचा उपयोग काय. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं, तिन्ही मिळून ४,००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. पॅकेजमध्ये जूनपर्यंत जुनीच एक चौकट आणि ४७ ओळींची मर्यादा. ‘लक्षवेधी पहिली ओळ’ लिहिण्यावर २२ मिनिटांचा व्हिडिओ. आता पहिला प्रश्नच थेट विचारतो, तिथे प्रस्तावना लिहिणं म्हणजे अक्षरं जाळणं. तीन ईमेलींनंतर चौकटी तीन झाल्या, व्हिडिओ तसाच राहिला.

तपासणी करणारी व्यक्ती मात्र चांगली निघाली. तिच्या शेऱ्यांचं सार: दुसऱ्या उत्तरात ए-लेव्हलच्या विषयांची नावं देऊ नका, ती अर्जात आहेतच. एक प्रयोग किंवा ईपीक्यू (शाळेतला स्वतंत्र संशोधन-प्रकल्प) घ्या, काय मोजलं, काय फसलं, मग काय बदललं ते लिहा. ‘पुलाची प्रतिकृती बनवली’ याला किंमत नाही. ‘सांध्यावर तुटला, म्हणून सांध्याचं क्षेत्रफळ वाढवलं, मग दांडा वाकला’ याला आहे. भरतनाट्यम, ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्कार, मंडळाच्या गणेशोत्सवातलं सूत्रसंचालन, हे सगळं मिळून तिसऱ्या उत्तरात एक-दोन ओळी. यावर दोन घरांत अबोला झाला. तिची बाजू घेणाऱ्या मुलांचं खरं होतं.

एक धोक्याची सूचना. पॅकेजच्या दिनदर्शिकेत फक्त १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६, ही केंब्रिजसाठीची यूकासची मुदत होती. परीक्षेची नोंदणी वेगळ्या खात्यावर करावी लागते आणि ती सप्टेंबरमध्येच बंद होते. यूकासचा अर्ज भरला म्हणजे ईसॅटला नाव गेलं असं होत नाही, आणि केंब्रिजला ऑक्टोबरचीच फेरी लागते, जानेवारीची चालत नाही. अर्जानंतर केंब्रिजचा स्वतःचा आणखी एक फॉर्म २२ ऑक्टोबरपर्यंत. शाळेचं शिफारसपत्र या सगळ्याच्या आत बसवायचं, म्हणून शाळेची आतली तारीख जुलैतच विचारून ठेवा. या एका त्रुटीसाठी खरं तर मी मार्करइतकंच ओरडायला हवं होतं.

मुलाखतींबद्दल मत पूर्ण पालटलं. पहिली सराव-मुलाखत झाल्यावर पैसे परत मागणार होतो: ‘इंजिनिअरिंग का? हेच कॉलेज का?’ चाळीस मिनिटं असल्या गप्पा. दुसऱ्या वेळी दुसरी व्यक्ती आली, आणि तिने नमस्कार-चमत्कारानंतर थेट एल-एन एक्स भागिले एक्स याचा आलेख काढायला सांगितला. शून्याजवळ काय होतं, अक्ष कुठे छेदतो, कमाल कुठे, दूरवर काय. विद्यार्थी कमालीवर अडला. तिने उत्तर सांगितलं नाही, ‘चढ कुठे संपतो?’ एवढंच विचारलं. एक्स बरोबर ई ला कमाल हे निघाल्यावर पुढचा प्रश्न: ईचा पाय (π) घात मोठा की पायचा ई घात? त्याच आलेखातून उत्तर पडतं, पहिला मोठा. खऱ्या मुलाखतीत बघतात ते हेच: दिलेला इशारा उचलतो का, मोठ्याने विचार करतो का, स्वतःची चूक स्वतः पकडतो का. घरच्या माणसासमोर किंवा माझ्यासमोर मुलं हे करत नाहीत, लाजतात किंवा लाडावतात. अनोळखी माणूसच लागतो. शाळा तो मिळवून देत असेल तर पैसे वाचले. नसेल तर एवढ्याच गोष्टीसाठी पैसे मोजा, आणि आधी विचारून घ्या की मुलाखत घेणारा त्या विषयाचा आहे का.

नूतनीकरणाचं भांडण अजून तिथेच. पहिल्या ईमेलला यंत्राचं उत्तर, दुसऱ्याला ‘अटींमध्ये नमूद आहे’, तिसऱ्याला ‘पुढच्या वर्षासाठी निम्मं क्रेडिट देतो’. क्रेडिट नको, रोकड द्या, असं कळवलंय. परवाना घेतल्या दिवशीच स्वयंचलित नूतनीकरण बंद करून पडद्याचा फोटो काढून ठेवा. ते बटण ‘खातं’मध्ये नसून ‘सूचना’ या विभागात तळाशी आहे.

वर्कबुकांपैकी दोन कोरीच आहेत, किराणाच्या याद्यांना चालतील. मार्कर मात्र आडवा ठेवा. टोक वर करून पेल्यात उभा ठेवला की शाई खाली उतरते, आणि ऐन सरावात रेघ पुसट होते. आमचा एक तसाच गेला, साडेबासष्ट पेन्सचा.