तीन पिढ्यांसाठी कोणता खेळ : मारिओ कार्ट की स्विच स्पोर्ट्स?

इंदूरच्या रामबागेसारख्या जुन्या मराठी वस्तीत दिवाळीला आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे एका दिवाणखान्यात जमले की निन्टेन्डो स्विच या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर २०१७ चा गाड्यांच्या शर्यतीचा ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ लावावा की बोलिंग, टेनिस असे मैदानी खेळ हात हलवून खेळायचा २०२२ चा ‘निन्टेन्डो स्विच स्पोर्ट्स’, हा निर्णय विचारपूर्वक घ्यायला हवा, कारण चुकीच्या निवडीने वडीलधारी मंडळी नुसती प्रेक्षक होऊन बसतात.

दोन्ही खेळ एका टीव्हीवर चौघांना खेळता येतात. मारिओ कार्टमधील ‘स्मार्ट स्टिअरिंग’ गाडीला रस्त्याबाहेर जाऊ देत नाही, वेगही आपोआप घेता येतो आणि मागे पडलेल्यांना शर्यतीत वापरायच्या अधिक प्रभावी वस्तू मिळतात; त्यामुळे लहानग्या भाचीलाही शर्यत पूर्ण करता येते. मात्र चौघे खेळताना पडद्याचे चार भाग होतात आणि त्या धांदलीत आपली गाडी कोणत्या चौकोनात आहे, हे शोधतानाच आजोबांची दमछाक होते.

स्विच स्पोर्ट्समधील बोलिंगला मी निःसंशय झुकते माप देईन. जॉय-कॉन, म्हणजे स्विचचा छोटा कंट्रोलर, हातात धरून चेंडू टाकल्यासारखा हात फिरवायचा, एवढेच शिकायचे असल्याने आजी खुर्चीत बसूनही खेळू शकते, आणि तिचे दहाही पिन पडले की सारे घर टाळ्या वाजवते. टेनिसमध्येही खेळाडू आपोआप धावतो, आपण फक्त फटक्याची वेळ साधायची. मनगटाचा पट्टा मात्र प्रत्येकाने बांधलाच पाहिजे.

खर्चाच्या दृष्टीने मारिओ कार्ट सोयीचा आहे, कारण त्यात प्रो कंट्रोलर हा दोन्ही हातांनी धरायचा मोठा कंट्रोलरही चालतो. स्पोर्ट्ससाठी प्रत्येकाला जॉय-कॉनच लागतो, म्हणजे यंत्रासोबतच्या एका जोडीशिवाय चौघांसाठी आणखी एक जोडी घ्यावी लागते.