माजी सैनिकाच्या मुलांचं कॉलेज: पंतप्रधान शिष्यवृत्ती की शिक्षण अनुदान?

बारावीचा निकाल लागला आणि कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या, सुरू झाल्या की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकच प्रश्न ऐकू येतो: पीएमएसएस, म्हणजे पंतप्रधान शिष्यवृत्ती भरायची, की शिक्षण अनुदानाचा अर्ज करायचा? दोन्ही योजना केंद्रीय सैनिक बोर्डाच्या. अर्ज एकाच संकेतस्थळावर, पहिली छाननी जिल्हा कार्यालयात. त्यामुळे बऱ्याच घरांत 'जे लवकर होईल ते करू' असं ठरतं. माझ्या मते इथेच गडबड होते, कारण एका योजनेचं दार पहिल्या वर्षानंतर बंद होतं आणि दुसरीचं दर वर्षी उघडतं.

आधी रक्कम. पंतप्रधान शिष्यवृत्तीत मुलीला महिन्याला ३,००० आणि मुलाला २,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ३६,००० आणि ३०,०००. हे दर २०१९-२० पासूनचे. रक्षा मंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून मिळणारं शिक्षण अनुदान बरीच वर्षं महिना १,००० रुपये होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांना ते २,००० झालं, म्हणजे वर्षाला २४,०००. चार वर्षांच्या बी.टेक.ला मुलीच्या बाबतीत १,४४,००० विरुद्ध ९६,००० आणि मुलाच्या बाबतीत १,२०,००० विरुद्ध ९६,००० असा हिशेब बसतो. अनुदान दुप्पट झाल्यापासून मुलाच्या बाबतीत फरक वर्षाला जेमतेम ६,००० रुपयांचा उरला आहे. म्हणून आता 'कशाला एवढी कागदपत्रं, अनुदानच घेऊ' असं म्हणणारे वाढलेत आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. पण नुसत्या रकमेवर ठरवू नका.

कोणाला कोणतं लागू

काहींना निवड करायची गरजच नसते. अनुदान हवालदार आणि त्याच्या बरोबरीच्या हुद्द्यापर्यंतच, म्हणजे नौदलात पेटी ऑफिसर आणि वायुदलात सार्जंटपर्यंत, तेही दोन मुलांपुरतं. नायब सुभेदार किंवा त्यावरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या जेसीओंना (कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांना) अनुदान नाही, शिष्यवृत्ती मात्र खुली आहे. उलट बाजूने, मुलगा साध्या बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.ला असेल तर शिष्यवृत्ती नाही. ती व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांच्या पहिल्या पदवीसाठी आहे: बी.ई., बी.टेक., एम.बी.बी.एस., बी.डी.एस., बी.फार्म., बी.एड., बी.बी.ए., बी.सी.ए. वगैरे. पदव्युत्तरमध्ये फक्त एम.बी.ए. आणि एम.सी.ए. दूरशिक्षण नाही, परदेशातलं शिक्षण नाही. अनुदानाला असं बंधन नाही. ते पहिलीपासून पदवीपर्यंत चालतं आणि वीरपत्नी किंवा माजी सैनिकाची विधवा दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण घेत असेल तर तिलाही मिळतं.

सेवेत असलेल्यांना यातलं काहीच नाही. शाळेसाठी मिळणारा मुलांचा शिक्षण भत्ता बारावीला थांबतो आणि या दोन्ही योजना निवृत्तीनंतरच्या. इथे तारखेचा एक खेळ आहे, तो फार कमी लोक आधी बघतात. मुलगी पहिल्या वर्षाला जाईल तेव्हा तुम्ही अजून नोकरीत असाल आणि ती दुसऱ्या वर्षाला गेल्यावर निवृत्त व्हाल, तर शिष्यवृत्ती हातची गेली, कारण नवा अर्ज फक्त पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा घेतात. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात गेलेल्यांना तेवढी सूट आहे. त्यांचं ते पहिलंच वर्ष धरलं जातं. नोकरीत मुदतवाढ घ्यायची की नाही यावर विचार चालू असेल तर मुलांचं वर्ष समोर ठेवून तो करा.

सेवेत वीरमरण आलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा अपंगत्व आलेल्या जवानांच्या मुलांसाठी संरक्षण मंत्रालयाची वेगळी शैक्षणिक सवलत आहे. तिच्यात मान्यताप्राप्त संस्थेची संपूर्ण शिकवणी फी मिळते. महिना १०,००० रुपयांची जी मर्यादा २०१७ मध्ये घातली होती ती २०१८ मध्ये काढली. अशा घराने पहिली चौकशी तिथे करावी, पुढची तुलना त्यांच्यासाठी नाही.

मला खटकलं ते

उरलेल्यांसाठी, म्हणजे हवालदारापर्यंतचा माजी सैनिक आणि मूल व्यावसायिक पदवीला, खरी तुलना सुरू होते. अनुदानाबाबत मला एकच गोष्ट खटकली आणि निर्णय तिच्यावरच झाला. अनुदान होऊन गेलेल्या वर्षाचं मिळतं. मुलाने वर्ष पास केलं, गुणपत्रक हातात आलं, की मग त्या वर्षाचा अर्ज. पुढच्या वर्षी पुन्हा नवा अर्ज, पुन्हा शिफारस, पुन्हा मंजुरी. आधीच्या वर्षी मिळालं म्हणून या वर्षी मिळेलच असं धरून चालता येत नाही.

पैसे उशिरा येतात ही माझी तक्रार नाही. शिष्यवृत्तीचा पहिला हप्तासुद्धा प्रवेशाच्या वेळी हातात नसतो. निवड यादी लागेपर्यंत पहिल्या वर्षाचा बराच भाग सरतो, म्हणून पहिल्या वर्षाची फी दोन्ही बाबतीत घरातून किंवा बँकेतूनच भरायची. फरक पुढे पडतो. शिष्यवृत्तीत निवड एकदाच होते. त्यानंतर दर वर्षी फक्त नूतनीकरण: गुणपत्रक, बोनाफाईड आणि ५० टक्के. अभ्यासक्रमाची मुदत असेल तितकी वर्षं, जास्तीत जास्त पाच. म्हणजे निवड झाली त्या दिवशी मुलीचे उरलेल्या वर्षांचे १,०८,००० रुपये कुठून येणार हे कळतं. शैक्षणिक कर्ज ठरवताना याचा मोठा उपयोग होतो. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला सहसा मार्जिन मागत नाहीत, त्याच्यावर गेलं की स्वतःचा हिस्सा घालावा लागतो. दर वर्षी ३६,००० येणार हे नक्की असेल तर पुस्तकं, मेस आणि परीक्षा फी कर्जाच्या बाहेर काढता येते आणि कर्ज त्या रेषेखाली राहू शकतं. अनुदानाचे २४,००० मला अशा हिशेबात धरता आले नाहीत. ते आले की आनंद, पण आधी मांडता येत नाहीत. माझा कल शिष्यवृत्तीकडे झुकला तो यामुळे.

अर्थात हे सगळं निवड झाली तर. देशभरात मिळून वर्षाला ५,५०० जागा, २,७५० मुलींच्या आणि तितक्याच मुलांच्या. बारावीला ६० टक्के ही फक्त अर्जाची पात्रता आहे. निवड सहा गटांच्या क्रमाने होते: आधी युद्धात वीरमरण आलेल्यांची मुलं व विधवा, मग युद्धात अपंगत्व आलेले, मग सेवेमुळे मृत्यू, सेवेमुळे अपंगत्व, शौर्यपदक मिळालेले, आणि शेवटी सहाव्या गटात आपण सगळे, अधिकारी पदाखालचे साधे माजी सैनिक. या शेवटच्या गटात गुणांवर ठरतं. इथे सीईटीचं पर्सेंटाइल चालत नाही, बारावीचे टक्के बघतात, बी.एड. आणि एम.बी.ए.ला पदवीचे, थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाचे. सीईटीच्या मागे लागून बारावीच्या भाषेच्या पेपरकडे दुर्लक्ष करणाऱ्या मुलांना हे अकरावीतच सांगून ठेवलेलं बरं.

मग ६२-६५ टक्क्यांच्या मुलाने काय करावं? माझं म्हणणं, तरीही आधी शिष्यवृत्तीच भरावी. अनुदानाच्या अर्जात मुलाला दुसरीकडून शिष्यवृत्ती किंवा शैक्षणिक भत्ता मिळत नाही असं लिहून द्यावं लागतं, म्हणून दोन्ही एकदम घ्यायचा विचार सोडा. पण अनुदानाचा अर्ज वर्ष संपल्यावर करायचा असतो. तोवर शिष्यवृत्तीचं काय झालं याचा बहुतेक अंदाज आलेला असतो. नाव लागलं तर उत्तम, नाही लागलं तर त्याच वर्षाचं गुणपत्रक घेऊन अनुदानाला जाता येतं. उलट क्रमाने गेलात आणि पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती भरलीच नाही, तर नंतर कितीही चांगले गुण मिळाले तरी उपयोग नाही. महाडीबीटीवरची, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची, एखादी सवलत घेतली असेल तर ती अर्जात लपवू नका.

ज्या मुलाचं ५० टक्क्यांना अडतं, ज्याच्या केटी (नापास विषय) राहण्याची शक्यता आहे, त्याच्या घरी मात्र मी अनुदानाची बाजू जड धरीन. तिथे पास होणं पुरतं. शिष्यवृत्तीत ५० टक्के पडले नाहीत तर त्या वर्षाचा हप्ता मिळत नाही आणि अभियांत्रिकीचं दुसरं वर्ष बऱ्याच हुशार मुलांनाही जड जातं.

अर्ज कुठे अडकतो

सगळ्यात जास्त वेळ जातो तो नावात. मुलीचं नाव डिस्चार्ज बुकात (निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवापुस्तिकेत) एक, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं. 'सुवर्णा'चं इंग्रजी स्पेलिंग युनिटच्या लेखनिकाने डब्ल्यूने लिहिलेलं असतं, शाळेत व्हीने. किंवा जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे. नोकरीत असताना ते कोणी बघत नाही. दुरुस्ती जिल्हा कार्यालयात होत नाही. ती रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसातून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद बदलाचा आदेश, निघून होते: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. प्रतिज्ञापत्र, जन्मदाखला, शाळेचा दाखला जोडून जिल्हा कार्यालयामार्फत अर्ज पाठवायचा आणि काही महिने धरून चालायचं. हे काम मूल दहावीत असताना करा. प्रवेशाच्या धावपळीत सुरू केलं तर मुदत निघून जाते.

शिष्यवृत्तीच्या अर्जाला तीन नमुने लागतात: माजी सैनिक असल्याचं प्रमाणपत्र जिल्हा कार्यालयाकडून, बोनाफाईड कॉलेजकडून आणि खात्याचं प्रमाणपत्र बँकेकडून. तिन्ही सैनिक बोर्डाच्या छापील नमुन्यातच हवेत. कॉलेजचा लिपिक हमखास स्वतःचं बोनाफाईड देतो. ते चालत नाही. नमुना आधीच भरून न्या: अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव, कालावधी, चालू वर्ष आणि कोणत्या परिषदेची मान्यता आहे ते. खाली प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का. शिक्का पुसट असेल तर तिथेच दुसरा मागा, कारण स्कॅनमध्ये तो दिसतच नाही आणि अर्ज परत येतो.

बँक खातं मुलाच्याच नावावर, आधारशी जोडलेलं हवं. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं जुनं खातं देऊ नका. दोन वर्षं व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असतं आणि 'छोटं खातं' प्रकारातलं असेल तर त्यात ५०,००० च्या वर शिल्लक ठेवता येत नाही. आधीची थोडी शिल्लक आणि वर हप्ता आला की रक्कम परत जाऊ शकते. बँका एकत्र झाल्यावर आयएफएससी कोड बदललेत, म्हणून तो जुन्या पासबुकावरून उतरवू नका, शाखेतून लिहून घ्या.

ऑनलाइन सबमिट केलं म्हणजे काम झालं असं समजू नका. प्रत काढायची, मूळ कागदांसह जिल्हा कार्यालयात दाखवायची; तिथे पडताळणी झाल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. त्रुटी निघाली तर तो ऑनलाइनच तुमच्याकडे परत येतो आणि दुरुस्त करून मुदतीत पाठवावा लागतो. कॅप लांबली की प्रवेश आणि शिष्यवृत्तीची अंतिम तारीख फार जवळ येतात. ती साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात असते, पण दर वर्षी संकेतस्थळावर बघूनच धरा. या काळात आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती पाहा. मोबाइल नंबर घरच्यांपैकी जो रोज मेसेज वाचतो त्याचा द्या.

नूतनीकरणाच्या वेळी एक गोष्ट हमखास राहते. विद्यापीठ ग्रेड देतं, सैनिक बोर्डाला टक्के लागतात. सीजीपीएचे टक्के कसे काढले हे कॉलेजच्या लेटरहेडवर, विद्यापीठाच्या सूत्रासह लिहून घ्या. निकाल लागताच दोन प्रती करून ठेवल्या तर परत खेपा घालाव्या लागत नाहीत.

मूल घरापासून लांब शिकणार असेल तर सैनिकी मुलांच्या आणि मुलींच्या वसतिगृहांची चौकशी त्याच खेपेत करा. सैनिक कल्याण विभागाची ही वसतिगृहं अनेक जिल्ह्यांत आहेत, शुल्क हुद्द्यानुसार असतं आणि पुण्यासारख्या शहरात खासगी वसतिगृहाशी तुलना केली तर वर्षाची बचत या दोन्ही योजनांच्या फरकापेक्षा मोठी होऊ शकते. जागा मोजक्या असतात, म्हणून प्रवेशाची वाट न बघता बारावीच्या निकालाबरोबरच जिल्हा कार्यालयातल्या कल्याण संघटकाला भेटून यादीत नाव घालायला सांगा. सोबत डिस्चार्ज बुक, ओळखपत्र, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि मुलाचं गुणपत्रक न्या, म्हणजे शिष्यवृत्तीच्या प्रमाणपत्राचं कामही त्याच दिवशी सुरू होतं.