बदलता कोअर की साधे पिन टम्बलर : कुलूप निवडताना

साध्या पिन टम्बलर सिलिंडरमध्ये योग्य किल्ली घातली की पिनांचे सांधे एका पातळीवर, म्हणजे शिअर लाइनवर येतात आणि प्लग, म्हणजे किल्ली ज्यात जाते तो आतला दंडगोल, फिरतो. फ्रँक बेस्ट यांनी अमेरिकेत १९२० च्या दशकात रूढ केलेल्या लहान आकाराच्या बदलत्या कोअरमध्ये (कोअर म्हणजे कुलपातून अख्खा काढता येणारा गाभा) प्लगभोवती आणखी एक बाही असते. त्यामुळे शिअर लाइन दोन होतात : नेहमीच्या किल्लीने प्लग फिरतो, तर कंट्रोल किल्लीने प्लग आणि बाही दोन्ही मिळून सुमारे १५ अंश फिरतात, बाजूचा खटका आत जातो आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा कोअर अख्खा हातात येतो.

किल्ली हरवल्यावर साधा सिलिंडर दारातून काढून उघडावा लागतो. बदलत्या कोअरच्या कुलपात स्क्रूला हात न लावता दुसरा कोअर बसवता येतो. मात्र काढलेल्या कोअरच्या पिना पुन्हा भरणे किचकट असते. मापांच्या प्रचलित ए२ पद्धतीत किल्लीच्या खाचांच्या खोलीच्या एकापुढच्या एक मापांमधला फरक जेमतेम ०.३२ मिलिमीटर असतो, शिवाय पिनांच्या प्रत्येक कप्प्यावर टोपी दाबून बसवावी लागते.

पिकिंगला, म्हणजे किल्लीशिवाय हत्याराने कुलूप उघडण्याला, हा लहान कोअर साध्या सिलिंडरपेक्षा चिवट ठरतो, पण त्याचे कारण पिनांच्या संख्येत नाही. फिरवण्यासाठी ताण दिल्यावर काही पिना एका रेषेवर, काही दुसऱ्या रेषेवर अडकतात आणि सगळ्या ‘बसल्या’ असे वाटूनही काहीच फिरत नाही. म्हणून जाणकार बाहीच्या तळाच्या छिद्रांत अडकणाऱ्या खास हत्याराने फक्त बाहीवर ताण देतात. तसे जमले, तर नुसते दार उघडत नाही; कोअर बाहेर येतो, त्याच्या पिना मोजून कंट्रोल किल्ली तयार करता येते आणि त्या किल्लीवर चालणारी सगळी दारे धोक्यात येतात. विक्रेते याविषयी क्वचितच बोलतात.

लहान कोअर अनेक उत्पादकांच्या कुलपांत चालतो. बदलत्या कोअरच्या दुसऱ्या, मोठ्या प्रकाराचे माप प्रत्येक कंपनीचे वेगळे असल्याने एकदा घेतला की त्याच कंपनीशी बांधून घ्यावे लागते. माझ्या मते एक-दोन दारांसाठी स्पूल पिनांचा (मध्ये बारीक असलेल्या, पिकिंग करणाऱ्याला चकवणाऱ्या पिनांचा) चांगला साधा सिलिंडर पुरेसा आहे. दारे पुष्कळ असतील आणि किल्ल्या सतत हातोहात फिरत असतील, तर लहान कोअर घ्यावा, पण तो व्यवस्थापनाच्या सोयीसाठी; आणि कंट्रोल किल्ली कोणत्याही जुडग्यात न अडकवता वेगळी, कुलूपबंद ठेवावी.