जॅग्वार ई-टाईप की जुनी पोर्शे ९११: गाडीच्या आतली बटणं कुणाची जास्त विचित्र?

१९६१ ची जॅग्वार ई-टाईप घ्या, डॅशच्या मधोमध एकसारख्या टॉगल स्विचेसची (वर-खाली करायच्या छोट्या दांड्यांची) रांग, दिसायला एकदम विमान, पण रात्री वायपर शोधताना हात लाईटवरच जाणार, आणि किल्ली फिरवली तरी गाडी चालू नाही, त्यासाठी बटण वेगळं. वर आरपीएमच्या मीटरमध्येच छोटं घड्याळ बसवलंय, का ते विचारू नका! पुढे अमेरिकन सेफ्टी नियमांमुळे टॉगल गेले, एका टोकाला दाबायचे सपाट रॉकर स्विच आले, मजाच गेली राव.

पोर्शे ९११ मध्ये किल्ली दाराच्या बाजूला, ले मान्सच्या शर्यतीमुळे म्हणे, तिथे ड्रायव्हर पळत येऊन गाडीत बसायचे, एका हाताने किल्ली, दुसऱ्याने गिअर. हीटरचा दांडा हँडब्रेकपाशी, पेडल जमिनीतून उगवलेले. पण एकदा सवय झाली की हात आपोआप जातो, म्हणून वापरायला ९११च, बघत बसायला जॅग्वार.