रात्रीचे डायव्हिंग शिकताना : एकच डाइव्ह की स्वतंत्र कोर्स?

ओपन वॉटर हा स्कूबा डायव्हिंगचा प्राथमिक कोर्स पूर्ण झाल्यावर रात्रीच्या पाण्यात उतरण्याची इच्छा असणाऱ्यासमोर साधारणपणे दोन मार्ग असतात. पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या रचनेप्रमाणे बोलायचे तर पुढच्या ॲडव्हान्स्ड कोर्समधील 5 डाइव्हपैकी एक रात्रीची निवडता येते, किंवा 3 डाइव्हचा स्वतंत्र नाइट डायव्हर कोर्स करता येतो. मी आधी पहिला मार्ग धरला आणि नंतर दुसराही पूर्ण केला, त्यामुळे माझे मत या दोन अनुभवांपुरतेच आहे.

ॲडव्हान्स्ड कोर्सची बाजू दुबळी नाही. त्यात खोल डाइव्ह आणि दिशाशोधन सक्तीचे असते, आणि दिवसा कंपासवर बसलेला हात रात्री फार उपयोगी पडतो, कारण ओळखीचा खडक अंधारात टॉर्चच्या वर्तुळाएवढाच दिसतो आणि त्यावरून जागा ओळखणे जवळजवळ अशक्य होते. शिवाय एका संध्याकाळीच आपल्याला अंधार मानवतो की नाही हे कळते. हे कळणेही महत्त्वाचे आहे, कारण भोवती काहीच दिसत नसताना काहींना वर-खालचे भान राहत नाही आणि अशा वेळी आपलेच बुडबुडे कोणत्या दिशेने जातात हे पाहून सावरावे लागते.

माझा कौल फिरला तो मात्र हातांच्या प्रश्नावरून. दिवसाच्या सवयीने मी टॉर्च डाव्या मनगटाला अडकवला होता आणि खोली आणि वेळ दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर उजव्या मनगटावर होता. बीसीडीचा, म्हणजे हवा भरून-सोडून तरंगणे सांभाळणाऱ्या जॅकेटचा, इन्फ्लेटर (हवा भरण्या-सोडण्याची नळी) डाव्या खांद्यावर असतो, त्यामुळे वर येताना हवा सोडण्यासाठी डावा हात उंच धरला की टॉर्चचा झोत पृष्ठभागाकडे वळे आणि कॉम्प्युटर अंधारात जाई. कॉम्प्युटरवर झोत आणला की हवा सोडणे थांबे. 10 मीटरवर पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट असतो, म्हणजे शेवटच्या 10 मीटरमध्ये बीसीडीतील हवा फुगत फुगत दुप्पट होऊ पाहते, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात माझी ही ओढाताण चालली होती. वर येताना सुरक्षिततेसाठी 5 मीटरवर तीन मिनिटे थांबायचे होते. कॉम्प्युटरवर प्रकाश पडला तेव्हा मी 3 मीटरच्याही वर आलो होतो आणि प्रशिक्षकाने माझ्या पायातला फिन धरून मला खाली घेतले. इजा झाली नाही. पण मला खटकले ते पुढचेच: चूक कळली, उपायही कळला, आणि तो करून पाहायला दुसरी रात्र नव्हती. माझ्या हाती प्रमाणपत्र आले तेव्हा नीट वर येणे मला जमलेले नव्हते.

स्वतंत्र कोर्समध्ये नेमकी ही दुसरी रात्र मिळते. टॉर्च उजव्या हातात आणि कॉम्प्युटर डाव्या मनगटावर ही अदलाबदल पहिल्या डाइव्हला अवघड वाटली, दुसऱ्या डाइव्हला सवयीची झाली आणि तिसऱ्या डाइव्हला तिच्याकडे लक्षही गेले नाही. आमच्या प्रशिक्षकाने एकदा आम्हाला तळाशी बसवून टॉर्च छातीशी झाकायला लावले. डोळे थोडे सरावल्यावर जोडीदाराच्या टॉर्चची बोटांतून झिरपणारी प्रभासुद्धा दिसू लागली. जोडीदार दिसेनासा झाला तर आपला टॉर्च झाकून सभोवार त्याचा उजेड शोधायचा, हे मी आधी वाचले होते, पण पटले ते त्या रात्री. तळावर झोताचे संथ मोठे वर्तुळ म्हणजे ठीक आहे, झपाट्याने आडवा हलणारा झोत म्हणजे लक्ष द्या, आणि झोत कधीही कोणाच्या डोळ्यांत मारायचा नाही, या गोष्टीही सरावानेच अंगवळणी पडल्या.

तीन संध्याकाळी राखून ठेवणे सोपे नसते, दिवसभराच्या डाइव्हनंतर थकवा आणि थंडीही जाणवते. बरोबर नेहमी मार्गदर्शक असेल आणि रात्रीचे डायव्हिंग क्वचितच करायचे असेल, तर ॲडव्हान्स्ड कोर्समधील एक डाइव्ह कदाचित पुरेशी ठरेल. ती पुढे स्वतंत्र कोर्सची पहिली डाइव्ह म्हणून धरता येते, त्यामुळे ती वायाही जात नाही. तरी सवड असल्यास तिन्ही डाइव्ह नव्याने कराव्यात, असे मला वाटते. श्लेष्माच्या पातळ कोशात झोपलेला पॅरटफिश मला दिसला तो तिसऱ्या रात्री. आधीच्या रात्रींतही तो जवळपास असेलच, पण तेव्हा माझी नजर माझ्याच उपकरणांवर खिळलेली होती.

कोणताही मार्ग निवडला तरी नाव नोंदवण्यापूर्वी प्रशिक्षकाला काही गोष्टी विचाराव्यात. तीच जागा आधी दिवसा पाहायला मिळेल का? पहिली डाइव्ह संधिप्रकाशात सुरू होईल का? प्रत्येकाकडे दुसरा, राखीव टॉर्च असेल का आणि मुख्य टॉर्च बंद पडताच डाइव्ह संपवली जाईल का? आणि निदान एकदा तरी, प्रशिक्षक मागे राहून, वाट दाखवण्याचे आणि वर येण्याचे काम तुमच्या जोडीकडे सोपवील का? या शेवटच्या प्रश्नाला होकार मला तीन डाइव्हच्या कोर्समध्येच मिळाला.