स्लिक्सएमपीपी: टॉवर गेला-आला तरी आपलं आपण जोडून घेणारी पायथन लायब्ररी

एक्सएमपीपी ह्या चॅटच्या खुल्या प्रोटोकॉलवर बॉट (आपोआप मेसेज टाकणारा प्रोग्राम) बनवायचा असेल आन तो आपल्या इकडच्या नेटवर चालवायचा असेल तर स्लिक्सएमपीपी घ्या, हे पहिलेच सांगून टाकतो. काऊन घ्यायची ते जरा लांबण लावून सांगतो, कारण हिच्यात खरी मेहनत झाली ती कनेक्शनच्या भागात, आन तो भाग कोणी पाहतच नाही, सगळे फक्त मेसेज गेला का तेवढं पाहतात.

आमचं काम असं आहे की मारेगाव तालुक्यात कास्तकारांचा एक गट आहे, त्यांच्या ग्रुपवर रोज कापूस, तूर, सोयाबीनचे भाव आन पावसाचा अंदाज टाकायचा. ऑफिसात एक रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ठेवला, त्याले सिमवालं डोंगल, सर्व्हर भाड्याचा, त्यावर प्रोसोडी हे एक्सएमपीपी सर्व्हरचं सॉफ्टवेअर, लोकांच्या फोनमधे कॉन्व्हर्सेशन्स हे चॅट ॲप. इथं लाइन कधीही जाते, पावसाळ्यात डीपी जळाली की टॉवरची बॅटरीही उतरते मग तासन्तास रेंज नाही. त्या पायजवळ कोणी बसून राहत नाही, त्याले स्वतःच उठता आलं पाहिजे.

पहिले आम्ही स्लीकएक्सएमपीपी वापरत होतो, ही तिची जुनी बहीण. तिच्यात सगळं थ्रेडवर (एका प्रोग्राममधे एकाच वेळी चालणारे कामाचे वेगवेगळे धागे) चालायचं, पाठवायला वेगळा थ्रेड, इव्हेंटला वेगळा, शेड्युलरला वेगळा, आन कनेक्शन तुटलं की ह्या सगळ्यांना एकाच वेळी समजलं पाहिजे की आता थांबा. तिथंच घोळ व्हायचा, एक थ्रेड अडकला की प्रोग्राम जिवंत दिसतो पण मेसेज काही जात नाही. २०१४ मधे पायथन ३.४ सोबत असिंकआयओ (एकाच थ्रेडमधे अनेक कामं आळीपाळीनं चालवायची सोय) आलं आन पोएझिओ ह्या टर्मिनलवरच्या चॅट क्लायंटवाल्यांनी स्लीकएक्सएमपीपीचा फोर्क (कोडची वेगळी प्रत) घेऊन सगळे थ्रेड काढून टाकले, एकच इव्हेंट लूप (आलेली कामं एकामागून एक हाताळणारं चक्र) ठेवला. तेच स्लिक्सएमपीपी. आता तर जुन्या लायब्ररीवालेच सांगतात की इकडे या.

पण नुसते थ्रेड काढून आमचं भागलं नसतं. आपल्या इकडे नेट नीट सांगून जात नाही ना राजेहो. टॉवर बंद पडला तर कनेक्शन बंद झाल्याचं पॅकेट येतच नाही, पायला वाटते की मी जोडलेलाच आहे. लिनक्सवर टीसीपीचं स्वतःचं कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का ते तपासणं), चालू केलं तरी, मुळात २ तासांनी पहिली तपासणी करते, आन पाठवलेल्या डेटाला उत्तर नाही आलं तर टीसीपी साधारण १५ मिनिटं पुन्हा पुन्हा पाठवून पाहते मग हार मानते. तेवढ्यात भाव जुना होऊन जाते. ह्यासाठी एक्सईपी-०१९९ (एक्सईपी म्हणजे एक्सएमपीपीचे जोडनियम) म्हणजे पिंगचं प्लगिन आहे, सर्व्हरला विचारायचं आहेस का, उत्तर नाही आलं तर लायब्ररी स्वतःच कनेक्शन तोडून नवीन लावते. एवढी कामाची गोष्ट पण कीपअलाइव्ह मुळात बंद असते, आन चालू केलं तरी अंतर ३०० सेकंदांचं. सिमवाल्या नेटवर मधला नॅट (कंपनीकडचा पत्ते बदलून देणारा थर) त्याच्या आधीच रिकामं कनेक्शन विसरून जाऊ शकते, म्हणून आम्ही ६० केलं.

आन सगळ्यात भारी म्हणजे एक्सईपी-०१९८, स्ट्रीम मॅनेजमेंट. दोन्ही बाजू मोजत राहतात की समोरच्याचे किती स्टँझा (एक्सएमपीपीवरचे संदेशाचे तुकडे) आपल्याला मिळाले. नेट तुटून परत आलं की बॉट जुना आयडी देऊन सांगते मी तोच आहे, इथपर्यंत मला मिळालं, सर्व्हर सांगते मला इथपर्यंत, आन जेवढं मधे राहिलं तेवढंच पुन्हा जाते. पासवर्डची तपासणी पुन्हा होते, पण नवीन सेशन नाही, ग्रुपमधे पुन्हा शिरणं नाही. आधी दर झटक्याला ग्रुपमधे बॉट गेला, बॉट आला दिसायचं आन म्हातारी माणसं विचारायची हे काय होऊन राहिलं. आता प्रोसोडीवर तुटलेलं सेशन राखून ठेवायची मुळातली मुदत १० मिनिटांची आहे, तेवढ्यात रेंज आली तर कोणाला पत्ताही लागत नाही. कोड लिहिताना एवढं पाहा की ग्रुप जॉइन करणं सेशन स्टार्टच्या इव्हेंटमधे ठेवा, सेशन रिझ्यूम्डमधे नको, तिथं तुम्ही आत असताच.

तक्रारी आहेत. पिंग चुकलं तर ती स्वतः जोडते, पण एरवी डिस्कनेक्ट झालं की पुन्हा कनेक्ट करायचं हे तुम्हालाच हँडलर (घटना घडली की चालणारं फंक्शन) लावून सांगावं लागते. एकदा सांगितलं की मग सर्व्हर सापडेपर्यंत ती स्वतः थांबत थांबत, दर वेळेला थांबायचा वेळ वाढवत प्रयत्न करते, ते मस्त. पण ही पहिली गोष्ट डॉक्युमेंटेशनमधे वरच मोठ्या अक्षरात असायला पाहिजे होती. नवीन पोट्टे नेटवरचे जुने नमुने उचलतात, त्यात प्रोसेस नावाचं फंक्शन असते, ते आता चालत नाही, लूप स्वतः चालवावा लागते. दुसरं, एकच लूप असल्यानं हँडलरमधे साधं स्लीप किंवा भाव आणायला साधी रिक्वेस्ट लावली की पिंगचं उत्तरसुद्धा अडकते, तिथं असिंकवालंच वापरा.

आन लाइन जाऊन पायच बंद पडला तर सेशनचा आयडी मेमरीतून जाते, मग रिझ्यूम नाही, नवीन सेशन. न पोचलेले मेसेज आम्ही आमच्याच एसक्यूलाइट डेटाबेसमधे लिहून ठेवतो, पोच आल्यावर खोडतो. हे लायब्ररीनंच केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटते.

लायसन्स एमआयटीचं, पैसे काही नाही. जावा किंवा अँड्रॉइडवाल्यांनी स्मॅक पाहावी, पण गावातल्या ऑफिसात कोपऱ्यात पडून राहणाऱ्या डब्यासाठी मी हीच लावीन.